बगळ्याचा खोकला

मायं पहिलं पुस्तक बैलबंडीत लिहलं गेलं, कापसाच्या ढिगावर पालथं पडून. त्यातले अक्षरं असे हिंदकळले होते का छापनाऱ्यानं सरळ करून काढले नसते, तं वाचनाऱ्या पोट्ट्याईले मळमळ सुटली असती.

लोक मले विचारतात, "का बे, घरदार, दोन लेकरं, कापसाचा धंदा, अन् त्यात हे लहान्या पोट्ट्याईचं पुस्तक कवा लिहलं?" मी म्हनतो, "मी कुठं लिहलं? मायी लेक सांगत गेली, बायकोनं सौदा केला, अन् बापानं खोकलून देल्लं." लोकाईले वाटते, हा नकल्या गंमत करून रायला. पन हे खरं हाय, अन् कसं झालं तेच सांगतो.

त्या वर्षाईत आमच्या वऱ्हाडात कापसानं सगळ्याईचं डोकं फिरवलं होतं. कुठंतरी समुद्रापल्याड लढाई लागली, तिकडचा कापूस बंद पडला, अन् विलायतेच्या गिरन्याईले आमची काळी माती एकदम आठोली. अमरावतीच्या बाजारात बंड्याईची अशी रांग लागे का शेवटच्या बंडीचा बैल पहिल्या बंडीचा कापूस विकेपर्यंत उभ्याउभ्या म्हातारा होईन. आमचं वावर वलगावले. बावाजी, म्हनजे माये वडील, जुने दलाल. कापूस तापला तसं त्याईनं वावर काकाच्या हवाली केलं, अमरावतीले घर केलं अन् मलेही बाजारात ओढलं.

मी मराठी शाळेत शिकलेला. दोन गोष्टीत हुशार होतो, वाचन अन् पंतोजीची नक्कल. वाचनासाठी शाबासकी भेटली, नकलेसाठी छडी. छडीच जास्त भेटली, म्हनजे मी कशात जास्त हुशार होतो ते समजून घ्या.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाईत. घेनारा अन् देनारा समोरासमोर बसतात, दलाल मधात. हातावर उपरनं टाकतात अन् त्याखाली एकमेकाचे बोटं धरून भाव ठरवतात. वरून पाहनाऱ्याले नुसतं कापड हालताना दिसते. तोंडानं गोष्टी वेगळ्याच चालू असतात, "पोरीचं लगन ठरलं का?", "म्हैस व्याली का?" अन् खाली बोटाईची कुस्ती. एकदा हात दाबून सोडला का सौदा पक्का. कागुद नाई का साक्षी नाई. अन् ज्यानं दाबलेला हात मोडला, त्याच्यासंग मंग बाजारात कोनी पान बी खात नाई.

या कामात बावाजीचा हात धरनारा कोनी नोयता. पन भाव सांगायच्या आधी ते खोकलत. हा खोकला आजाराचा नोय, धंद्याचा. अं-हं-हं! पहिला अं लांब, मधला हं नाकातून, अन् शेवटचा असा का समोरच्याले वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं बाप्पा. त्यात त्याईची मान लांब, पाय काडीसारखे, धोतर पांढरं, उपरनं पांढरं, अन् सौद्याले बसले का एक पाय दुमडून डोये अर्धे मिटत. आता तुमीच सांगा, मले त्यात बगळा दिसला तं माया काय दोष?

खेड्यावरून बंड्याईसंग पोट्टे येत. बाप भाव करत तोपर्यंत ते कापसाच्या गंजीवर बसून कंटाळत. त्याईले मी गोष्ट सांगे. तलावाच्या काठी एक बुढा बगळा दलाल. कावळा चोरून आनलेली भाकर विकाले आला. घेनारा कोन, तं खेकडा. कमळाच्या पानाखाली सौदा. खेकड्यानं बोट धरलं का कावळ्याचं "काव!" असं निंघे का समोरच्या झाडावरचे खरे कावळे उडत. अन् बगळा डोये मिटून म्हने, "अं-हं-हं. भाव ऐकला. अजून उलसा चढा." मंग पुन्हा चिमटा.

एक दिवस मी बगळ्यावर थांबलो नाई. सकाळीच शाळाखात्याचे डिपोटी शाळा तपासून गेले होते. पुन्याकडचे मानूस. पोट्टे म्हनाले लागले, "डिपोटीची करा ना, डिपोटीची करा!" मी उपरनं खांद्यावर घेतलं, नाक वर केलं अन् म्हटलं, "मुलांनो, नाकातील बोट बाहेर काढावे व गंगा नदी कोठे उगम पावते ते सांगावे!"

पोट्टे हासले अन् एकदम गप झाले. मागून आवाज आला, "नाकातील नव्हे. मी कानातील बोट म्हटले होते."

पाहतो तं डिपोटी! माये पाय कापसात रुतले, ते वर येईनात.

"मघाची ती बगळ्याची गोष्ट," डिपोटी म्हनले, "मी त्या बंडीआडून ऐकत होतो. ती लिहून काढाल काय? आमची वाचनपुस्तके उघडली की मुले झोपतात. क्वचित मास्तरही."

"लिहतो ना साहेब," मी बोलून गेलो. माया तोंडाची हीच खोड हाय. डोकं मागून पोचते.

"मग ऐका. उन्हाळ्यात मी साहेबांबरोबर चिखलदऱ्यास जाणार. त्याआधी, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, अकोल्याच्या शाळेत या अन् मुलांपुढे वाचा. मुले हसली तर पुस्तक छापायला पाठवू. नाही हसली तर आपण कापूस विकावा, हे उत्तम."

घरी आल्यावर बावाजीले सांगतलं. ते जेवून रायले होते. घास तसाच हातात धरून म्हनले, "पुस्तक? तू? दारात कापूस उभा हाय अन् हा खेकड्याच्या गोष्टी लिहीन! नकल्या कुठचा. दिवसभर बाजारात बसाचं. त्याच्याउपर काय कराचं ते कर."

त्याच्याउपर काय उरत होतं, तेही सांगतो. घरी मोठी होती, मायी सहा वर्षाची लेक. दिवसाकाठी तिचे एवढे सवाल असत का पंतोजी पळून गेला असता. अन् एक लहाना होता, दात फुटून रायलेला. हातात बोरू घेतला का तो रडे, बोरू ठेवला का हासे. माय देवदेव करे, तिचे गुडघे दुखत, म्हनून सैपाक, पानी, झाडनं, सारं बायकोच्या अंगावर.

त्यात घरची रीत. सासू-सासऱ्यासमोर नवरा-बायकोनं बोलाचं नाई. काही पायजे असलं तं भिंतीले सांगा नाई तं लेकराले सांगा. आमची निरोप्या मोठी. ती निरोप पोचवता पोचवता आपलं मीठ-मिरची टाके. मी म्हनो, "तुह्या मायले सांग, लहान्याले उलसक घे." ती चुलीपाशी जाऊन सांगे, "माय, बाबा म्हनते लहाना त्याईले चावला, आता ते बी त्याले चावनार हायत."

शेवटी एक दिवस विहिरीवर, मी पोहरा ओढून रायलो अन् ती घागर धरून उभी, तिथं बायको बोलली. "अवो, आयकून रायले का? त्या डिपोटीनं तुमाले अकोल्याले बोलावलं ना? कवा?"

"अखजीले."

"अन् अकोल्याच्या पुढं बाळापूर." बाळापूर तिचं माहेर. "दोन अखज्या झाल्या, तुमच्या कापसानं मले माहेर दिसू देल्लं नाई. सगळ्या पोरी झोके घेतीन अन् मी इथं सरकी पाखडन. पुस्तक झालं तं गाडी निंघते, गाडी निंघाली तं मी बाळापूरले जातो. नाई झालं तं बावाजी कायले गाडी काढतीन? म्हनून लिहा. लेकराचं पाहू आपन."

"पाहू कसं? बोलता तं येत नाई घरात."

ती हासली. "दलालाचा पोरगा ना तुमी? हात हायत का नाई?"

तिथंच विहिरीच्या काठावर मी बायकोले बोटं शिकवले. एक बोट धरलं, लेकरू तू घे. दोन धरले, तुमी घ्या, चुलीवर दूध हाय. तीन, उलसं थांबा. अख्खी मूठ, सौदा नाई. मंग रोज संध्याकाळी लहाना आमच्या मधात बाजेवर पडलेला, त्याच्यावर दुपटं, अन् दुपट्याखाली आमचा बाजार. वरून मी बावाजीले सांगून रायलो, "आज बाजारात बंड्या लय होत्या," ती मायले विचारून रायली, "आत्याबाई, डाळीत आमसूल टाकू का?" अन् खाली ती माये बोटं असे मुरगाळे का आमसुलाचा जबाब ऐकता ऐकता माया डोयात पानी येई. बाजारातले मारवाडी बरे होते.

असा हिसकून आनलेला वेळ घेऊन मी लिहाले बसलो. सासऱ्यानं बाळापूरच्या कागदी मोहल्ल्यातला जाडसर पिवळा कागद धाडला होता. इतका चांगला कागद पाहून माया अंगात पंतोजी शिरला. मी लिहलं, "एके काळी एका रम्य सरोवराच्या तीरी एक वयोवृद्ध बक पक्षी निवास करीत असे." लिहून मलेच असं मोठं वाटलं का मी मिशीवरून हात फिरवला. मिशी तवा विरळच होती, पन हात फिरवाले पुरे.

मोठीले समोर बसवून वाचून दाखवलं. ती मांडी घालून बसली. मंग तिनं हात जोडले. मंग डोये मिटले. मी वाचत गेलो, ती हालली नाई. सगळं झाल्यावर तिनं डोये उघडले अन् हळूच विचारलं, "बाबा, परसाद कवा वाटतीन?"

चुलीपाशी बायकोनं तोंडात पदर कोंबला. तिचे खांदे हालताना मले दिसत होते. संध्याकाळी दुपट्याखाली मी काही विचारायच्या आधीच अख्खी मूठ आली. सौदा नाई.

तो कागुद मी चुलीत टाकला. रम्य सरोवरावर भाकर मात्र चांगली फुगली.

पुढं काय कराचं ते सुचत नोयतं. तोंडानं सांगतो तं पोट्टे लोळतात, लिहतो तं हात जोडतात. अन् नक्कल कराले दोन्ही हात लागतात, मंग बोरू कोन धरीन? तेवढ्यात बावाजीनं मले आसपासच्या गावाईतून कापूस आनाच्या कामाले लावलं. बायकोच्या गळ्यात दोन्ही लेकरं नको, म्हनून मी मोठीले बंडीत टाकून नेऊ लागलो. जाताना रिकामी बंडी, खडखड खडखड. त्या खडखडाटात मी तिले गोष्ट सांगे, कावळा, खेकडा, बगळा, सगळे आवाज काढून. बैल बी कान फिरवत. येताना बंडीत कापूस भरलेला, आमी दोघं वर. बैलाईले घरचा रस्ता पाठ.

एक दिवस येताना मी उगाच म्हटलं, "आता तू सांग ती गोष्ट."

ती सांगाले लागली, अन् मी चमकलो. मायी अर्धी गोष्ट ती विसरलीच होती. तलावाचं वर्नन, कावळ्याचं मोठं भाषन, सगळं गेलं. पन चिमटा होता, पान होतं, बगळ्याचा दुमडलेला पाय होता. मंग मले उमजलं. ती जे विसरली, ते गोष्टीत कवा नोयतंच, मीच वरून लादलेलं होतं. तवाच्या तवा पालथा पडलो, दऊत कापसात रोवली अन् ती बोलीन तसं लिहाले लागलो.

"खेकडा सगळ्याईले चिमटे काहून घेते, मालूम हाय का?" ती म्हने.

"काहून?"

"तो बाजारात पहिल्यांदाच आला, बिचारा. त्याले वाटते, हात असाच धरतात."

हे मायं नोय, तिचं हाय. पुस्तकात हाय, अन् लोक त्याची शाबासकी मले देतात. मी घेतो.

बगळ्याजवळ आली का ती थांबे. "आता खोकला लिहा, बाबा." अन् स्वतः खोकले. तिच्या उलशा गळ्यातून तो आज्याचा खोकला निंघे का मी हासून हासून कापसात बुडो. असं ते पुस्तक वाढत गेलं. बंडी धक्का देई, अक्षर उडी मारे, अन् घरी आलो का दोघाईच्याही केसात रुई. बायको आमाले अंगनात उभं करून झाडूनं झटके, मंग कागुद वर धरून पाहे. तिले वाचता येत नोयतं, पन ओळी किती वाकड्या हायत त्यावरून ती गोष्ट किती चांगली झाली ते सांगे. कवाच चुकली नाई.

पन एवढ्यानं पुरे नोयतं. होळी झाली, ऊन तापलं, खेड्यावरचा कापूस सरला तसा बंडीचा प्रवासही सरला. बावाजीनं मले पुन्हा बाजारात बसवलं. गोष्टी निम्म्याही झाल्या नोयत्या, अन् अखजी जवळ येऊन रायली होती.

एका संध्याकाळी बाजेवर लहाना, लहान्यावर दुपटं, दुपट्याखाली आमी. मी एक बोट धरून रायलो, लेकरू तू घे, मले लिहू दे. ती दोन धरून रायली, तुमी घ्या, मायं बी काम पडलं हाय. मी पुन्हा एक. ती दोन. समोर बावाजी भिंतीले टेकून अर्धे डोये मिटून बसले होते.

अं-हं-हं!

"सूनबाई," बावाजी म्हनले, "सोडू नोको. तो आता दोनावर येते."

मायच्या हातातली जपमाळ थांबली. बायकोनं पदर डोक्यावरून इतका खाली ओढला का नुसता पदरच दिसे. मी म्हटलं, "बावाजी, तुमाले... कवापासून?"

"दिवाळीपासून पाहून रायलो. कापडाखाली काय चाललं ते मले समजत नाई असं वाटलं का तुले? मी काय भाजी विकतो?" मंग त्याईनं आपल्या हातावर उपरनं टाकलं. "ये. बस समोर."

बापासमोर सौद्याले मी कवाच बसलो नोयतो.

उपरन्याखाली त्याईचा हात आला. तोंडानं ते म्हनले, "दुपारनंतर बाजारातून सुट्टी. अखजीपर्यंत. अकोल्याले मी बी येतो, मले तिथले व्यापारी पाहाचे हायत. सून बाळापूरले जाईन. मान्य?"

मान्य! मले तं उडावं वाटलं. बायकोचा पदर उलसा वर झाला.

"अन् पुस्तकात मायी नक्कल नाई पायजे. परवा कोन्या पोट्ट्यानं बाजारात मायाकडं पाहून खोकललं. मले लोकाईत तोंड दाखवाचं हाय. मान्य?"

मी हात दाबला. खुशीत दाबला. दाबून सोडला, अन् सोडल्यावर मले बगळा आठोला.

मंग जे झालं ते पाहाले नोयते तुमी, बरं झालं. मी बगळ्याच्या जागी कासव ठेवलं. कासव खोकललं तं आजारी वाटे. बेडूक ठेवला. बेडकाले मान कुठं? शेवटी दलालच काढून टाकला. सौद्यात कावळा अन् खेकडा दोघंच रायले, जसं सैपाकात मीठच नाई. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या गोष्टी झाल्या, म्हशीची झाली, बाभळीवरच्या माकडाईची झाली, पन सगळ्याईत चांगली होती तिचाच जीव गेला.

विहिरीवर बायकोनं विचारलं, "बगळ्याले काहून मारलं?"

"हात दाबला बावाजीचा."

तिनं घागर कंबरेवर घेतली अन् म्हनली, "दाबला तं दाबला. मोडाचा नाई." मंग जाता जाता, "पन पोट्टे नाई हासले तं छापीन कोन?"

मोठीले आमी काहीच सांगतलं नाई. तिथंच चुकलं. का बरोबर झालं, ते तुमी ठरवा.

अखजीच्या आधी आमची दमनी, म्हनजे बसाची हलकी बैलगाडी, निंघाली. पुढं गाडीवानाजवळ बावाजी, मागं आमी चौघं, लहाना मांडीवर. रस्त्यानं आगगाडीचे रूळ टाकून रायले होते, ते पाहून मोठीनं इतके सवाल विचारले का अकोला येईपर्यंत गाडीवानाले बी बहिरेपना आला.

अकोल्याची शाळा म्हनजे एक लांब खोली. पोट्टे जमिनीवर ओळीनं, हात मांडीवर, नाक पुसलेले. डिपोटी खुर्चीवर. बावाजी मागं दारापाशी बसले, पाव्हन्यासारखे. खिडकीबाहेर निंबाखाली आमची दमनी, त्यात बायको अन् लहाना. मोठी खिडकीचा गज धरून लोंबकळत उभी.

मी वाचाले लागलो. म्हशीच्या गोष्टीले पोट्टे उलसे हासले. माकडाच्या गोष्टीले अजून उलसे. डिपोटीचे ओठ मात्र तसेच मिटलेले. मंग आली कावळ्याची. कावळा आला, खेकडा आला, पान आलं, सौदा झाला. अन् कोनी हासलं नाई. एका पोट्ट्यानं जांभई देल्ली, ती ओळीओळीनं मागपर्यंत गेली. खिडकीतून बायकोचा चेहरा दिसला. तिच्या डोयासमोरून तिचं माहेर नोयतं जाऊन रायलं, ते तं भेटलंच होतं. तिले मायी काळजी पडली होती.

डिपोटी म्हनले, "येथे काही गाळले आहे काय? त्या दिवशी मी ऐकली ती ही नव्हे."

मी तोंड उघडायच्या आधी खिडकीतून आवाज आला, "बाबा! बगळा कुठं गेला? बगळा कोनं खाल्ला?"

"कोनता बगळा?" पोट्टे मागं वळले.

"दलाल बगळा! असा!" अन् मोठी गजाले लोंबकळत खोकलली. अं-हं-हं!

पोट्टे हासले. पहिल्यांदा मोकळे हासले. डिपोटी पुढं सरकले, "हाच! हाच बगळा. करून दाखवा पाहू."

"नाई करता येत, साहेब."

"का? त्या दिवशी तर करत होतात."

"हात देल्ला हाय," मी म्हटलं.

डिपोटीले काही समजलं नाई. सगळी शाळा मायाकडं पाहून रायली होती. मायी नजर खालच्या कागदावर. तिथं, जिथं बगळा होता, शाईचा एक डाग होता. बस, मनात म्हटलं, आता कापूस विकाचा.

मागं दारापाशी धोतराची सळसळ झाली. बावाजी उठले. पोट्ट्याईच्या ओळीतून एक एक पाय उचलून टाकत, कोनाले लाथ लागू नये म्हनून मान लांब करून जागा पाहत, समोर आले. आपन काय करून रायलो ते त्याईले मालूम नोयतं, ते नुसते चालून रायले होते. पन पहिल्या ओळीतल्या एका पोट्ट्याचं तोंड उघडंच रायलं. "अबे," तो शेजारच्याले म्हनला, "बगळा."

बावाजीनं ऐकलं. त्या पोट्ट्याकडं पाह्यलं. मंग मायाकडं पाह्यलं, लांबलचक. मले वाटलं आता छडी आली, बाजारातली नाई तं शाळेतली.

त्याईनं एक पाय दुमडला. डोये अर्धे मिटले. अन् खोकलले.

तो खोकला मी काय सांगू तुमाले! मी इतके वर्ष ज्याची नक्कल करत आलो ते दुधावरचं पानी होतं, हे दूध. शाळा कोसळली. पोट्टे एकमेकावर पडून हासाले लागले. अन् बावाजी थांबले नाईत. उपरनं काढलं, डिपोटीसमोर बसले, "द्या हात, साहेब, भाकर विकाची का नाई?" म्हनले. डिपोटीनं भोळेपनानं उपरन्याखाली हात घातला. बावाजी एका डोयानं बगळा अन् खालच्या हातानं खेकडा.

"अगं आई गं!" डिपोटी खुर्चीतून उडाले. पुस्तकी मराठी तिथंच संपली.

मंग कोनाले कोनाचं ऐकू येईना. डिपोटी हात झाडत हासून रायले होते, डोयातून पानी गळून रायलं होतं. मी पाह्यलं का बावाजीच्या ओठाची एक कड हालून रायली. तवा मले समजलं का नक्कल मी कोन्या शाळेत शिकलो. मायच्या पोटातून नोयती आली ती.

हासू उतरल्यावर बावाजीनं मले जवळ बोलावलं अन् उपरनं हातावर टाकलं. "हात मोडत नाई आपन. नवा सौदा करू. बगळा ठेव. पन तुह्या गोष्टीत शेवटी भाकर कोनाले भेटते?"

"कोनालेच नाई, बावाजी. पान्यात पडते."

"हे असं नाई चालनार. बगळ्यानं दिवसभर पाय दुमडून काढला. त्याची दलाली त्याले भेटली पायजे. मान्य?"

"मान्य," मी म्हटलं अन् हात दाबला. त्याईनंही दाबला, जोरात, अन् उलसा चिमटा घेतला.

म्हनून छापलेल्या पुस्तकात भाकर बगळ्याले भेटते. काही पोट्टे तक्रार करतात का कावळ्यावर अन्याय झाला. मी काय करू, दलाल आमच्या घरचाच हाय.

दुपारी दमनी बाळापूरच्या रस्त्याले लागली. व्यापारी येताना पाहू म्हनून बावाजी बी संगच. मोठी रुसली होती, तिले शाळेतच राहाचं होतं. लहाना झोपला होता, त्याच्यावर दुपटं. दुपट्याखाली बायकोचा हात आला. मले वाटलं एक बोट धरीन, का दोन. तिनं पुरा पंजा धरला, दाबला, अन् सोडलाच नाई.

मागून गोंधळ ऐकू आला. शाळा सुटली होती अन् पोट्टे धुळीत गाडीमागं धावून रायले होते, एक पाय उचलून, मान लांब करून, "अं-हं-हं! अं-हं-हं!"

मी भीत भीत पुढं पाह्यलं. बावाजी ताठ बसले होते. मान मागं वळवली नाई. घडीभरानं त्याईनं नुसता आवाज चढवला,

"तसं नाई रे, पोट्टेहो! मधला हं नाकातून काढा!"